बुडालेल्या मुंबईतील खून

प्रश्न: समुद्राने मुंबई गिळल्यानंतरच्या काळातील खुनाची रहस्यकथा मी लिहीत आहे. लाखो माणसे गेली असताना एका खुनाचे मोल वाचकाला का वाटावे? वीज नसताना तपास कसा दाखवावा?
— एक वाचक, परळ

उत्तर: माणसे थोडी उरली की प्रत्येकाचे मोल वाढते. गच्चीवर तग धरून राहिलेल्या चाळीस जणांत पाणी शुद्ध करणारी एकच बाई असेल आणि तिचाच खून झाला, तर तो सगळ्यांच्याच जिवावर घाला ठरतो.

तपासासाठी यंत्रांचा पसारा लागत नाही. माणूस जिवंतपणी बुडाला, तर पाण्यातील डायटम हे सूक्ष्म शैवाल फुप्फुसांतून रक्तात आणि तेथून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचू शकते. मृतदेह नंतर पाण्यात टाकला असेल, तर रक्ताभिसरण थांबल्यामुळे सहसा तसे होत नाही. डायटमचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेसारख्या पदार्थाचे, असल्याने मज्जा नायट्रिक आम्लात विरघळवली तरी ते टिकते आणि शाळेतील आरशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, नुसत्या उन्हात, दिसते. आता प्रेत लालबागच्या खाऱ्या पाण्यात सापडले, पण मज्जेत गोड्या पाण्यातील जाती निघाल्या, तर संशयाची सुई थेट विहार तलावाकडे वळते! ही चाचणी निर्विवाद मानली जात नाही, म्हणून तिला दुसऱ्या पुराव्याची जोड अवश्य द्या.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा: भविष्यकाळातील जे तंत्र उकल करणार आहे, त्याची ओळख वाचकाला खुनाआधीच करून द्या.