पहिल्यांदाच जुनी गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघतोय. आधी काय तपासू आणि रस्त्यात बंद पडली तर काय करू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: 2018 ची सेकंडहँड गाडी, घेऊन दोन महिने झालेत, मे महिन्यात आईवडिलांना घेऊन पुण्याहून कोल्हापूरला जायचंय आणि गाडीतलं ओ की ठो कळत नाही. मीही मेकॅनिक नाही. पण गाव कोल्हापूर आणि नोकरी पुण्यात, त्यामुळे वीसेक वर्षं हा रस्ता तुडवतोय. एवढ्या वर्षांत चार वेळा रस्त्यात अडकलो. त्यातल्या तीन वेळा गाडीने आधीच सांगून ठेवलं होतं, मीच कानाडोळा केला होता.

सगळ्यात लाजिरवाणा किस्सा आधी सांगतो. 2014 चा मे. तेव्हा साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढावाच लागायचा, बोगदा फक्त पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता. दुपारचा दीड, एसी फुल, मागे आई आणि मावशी, पुढे सळ्या भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगतोय. तापमानाचा काटा एरवी मध्यावर असायचा, तो पाऊण भागापर्यंत चढलेला. मला दिसला होता. पण 'एवढी दोन वळणं काढू, वर गेलं की उतारच आहे' असं म्हणून मी गाडी रेटली. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे आई म्हणाली, "काकवी उतू गेल्यासारखा वास येतोय रे." तिला घाटात गुऱ्हाळ कुठून आलं, एवढाच प्रश्न पडला होता. तो वास कूलंटचा होता, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा. कूलंट गळून गरम लोखंडावर पडलं की असाच गोडसर वास येतो. मिनिटभरात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

पुढे मी जे करायला निघालो होतो ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. ओला टॉवेल घेऊन रेडिएटरचं (कूलंट गार करणाऱ्या जाळीचं) झाकण फिरवायला हात घातला, तेवढ्यात मागच्या ट्रकचा क्लीनर ओरडला, "पावणं, हात लावू नगा! तोंडावर येतंय ते." आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि ते एकदम वाफ होऊन उसळतं. गाडी तापली की इंजिन बंद करायचं आणि किमान अर्धा-पाऊण तास झाकणाच्या वाटेला जायचं नाही. इंजिनवर वरून गार पाणी ओतायचं नाही, तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. पाणी प्यायचं असतं, सावलीत बसून.

निघालं काय, तर कूलंटच्या रबरी होज पाइपला, तो आवळणाऱ्या क्लॅम्पपाशी बारीक चीर. साडेतीनशे रुपयांचं काम. त्याआधी तीन आठवडे कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली जात होती आणि मी नळाचं पाणी भरून भागवत होतो. वरची दोन वळणंही तशीच काढली असती तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं असतं, आणि ते बिल साडेतीनशेत येत नाही.

म्हणून पहिलं काम हे. सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडा. कूलंटची अर्धपारदर्शक बाटली असते, तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन रेषा असतात. पातळी मध्ये असेल तर बरं. आज बघा, आठवड्याने पुन्हा बघा. कमी झाली असेल तर भरून गप्प बसू नका, गळती शोधायला लावा. बंद यंत्रणा आहे, कूलंट असं आपोआप संपत नाही. भरायचं ते मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच प्रकारचं, नुसता रंग जुळवून नव्हे. नळाच्या पाण्याने आत क्षार साचतात, बादलीला धरतात तसे.

तुमच्या गाडीला काटा आहे का, तेही बघून ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांना आता काटाच नसतो, इंजिन गार असताना निळा दिवा आणि जास्त तापलं की थेट लाल. तो लाल लागला की विचार करायला वेळ नाही, थांबायचंच. काटा असेल आणि तो नुसता चढायला लागला असेल तर एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा फुल. मे महिन्यात हे ऐकून आईवडील तुम्हाला वेड्यात काढतील. पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो केबिनमध्ये ओततो. एक-दोन मिनिटांत काटा उतरला नाही तर जागा बघून थांबा.

इंजिन ऑइलची पातळी डिपस्टिकवर, म्हणजे इंजिनमधून ओढून काढायच्या पट्टीवर बघायची, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून पाचेक मिनिटं झाल्यावर. डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीसारखा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढचा पंपही गाठू नका. ऑइलचा दाब गेला की इंजिन काही मिनिटांत जाम होतं. बाकी दिव्यांचा हिशोब सोपा: लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे गॅरेजला दाखव. बॅटरीचा लाल दिवा जरा फसवा आहे. लोकांना वाटतं बॅटरी गेली, पण बहुतेकदा आल्टरनेटर (चालत्या इंजिनवर वीज बनवणारं यंत्र) तिला चार्ज करत नसतो किंवा त्याला फिरवणारा बेल्ट तुटलेला असतो. काही गाड्यांत तोच बेल्ट कूलंट खेळवणारा वॉटर पंपही फिरवतो, म्हणजे थोड्या वेळात गाडी तापणारच.

आता टायर. सेकंडहँड गाडीत सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. नक्षी चांगली दिसली की आपण खूश. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2318 असेल तर 2018 चा तेविसावा आठवडा. तुमच्या गाडीला अजून 18 चेच टायर असतील तर नक्षी कितीही असो, मे महिन्यात त्यांच्यावर आईवडिलांना बसवू नका. रबर वयानेही कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरवर असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला. आणि डिकीतली स्टेपनी बघाच, तिच्याकडे आधीच्या मालकाने बहुधा बघितलेलंच नसतं. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. 1904 मध्ये तिथे जास्तीचं चाक बनवायला सुरुवात झाली. रस्त्याचं नाव आपण चाकाला देऊन टाकलं.)

हवेबद्दल एक गैरसमज हमखास ऐकाल: "उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमीच मारा, गरम होऊन वाढते." नेमकं उलटं होतं. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, त्याने टायर आतून तापतो आणि फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, गाडी भरलेली असतानाचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो सकाळी टायर गार असताना मारायचा. वाटेत पंपावर तपासलं आणि तीन-चार पॉइंट जास्त दिसले तर सोडू नका, गरम टायरचा आकडा वाढलेलाच असतो. नायट्रोजनचे पैसे मी देत नाही, साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो.

एवढं करूनही गाडी बंद पडू शकते. आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि इथे मला मेंटेनन्सपेक्षा जास्त कळकळ आहे. गाडीला काय झालंय हा प्रश्न नंतरचा. गाडी कुठे उभी आहे हा पहिला. इंजिन गचके द्यायला लागलं की इंडिकेटर देऊन डावीकडे सरका, शक्य असेल तर ढाबा, पंप, निदान रस्त्याबाहेरची सपाट जागा गाठा. इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा लागतो. घाबरू नका, ब्रेक जातच नाही, फक्त पाय जोरात द्यावा लागतो. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा. चालत्या गाडीत किल्ली काढू नका, स्टेअरिंग लॉक होईल.

उभी राहिली की हजार्ड लाइट (चारही इंडिकेटर एकदम), हँडब्रेक आणि सगळ्यांनी डाव्या दारांनी बाहेर. आई म्हणेल, "एवढ्या उन्हात कुठे, मी आत बसते." तिला बसू देऊ नका. पत्र्याचं रेलिंग असेल तर सगळे रेलिंगच्या पलीकडे, आणि गाडीच्या थोडं मागच्या बाजूला. म्हणजे मागून कुणी ठोकलं तर आपली गाडी अंगावर येणार नाही. गाडीच्या मागे उभं राहून डिकीत सामान शोधणं, वाकून टायर न्याहाळणं, ही सगळ्यात वाईट जागा. गाडी उजव्या लेनमध्येच अडकली आणि उतरणं धोक्याचं वाटलं तर पट्टा लावून आत बसा, हजार्ड चालू ठेवा आणि लगेच फोन करा.

गाडीसोबत लाल त्रिकोण मिळतो. डिकीत नसेल तर विकत घ्या. तो दहा पावलांवर ठेवून उपयोग नाही. कमीत कमी पन्नास मीटर मागे, म्हणजे साधारण सत्तर पावलं. चौपदरीवर त्याच्या दुप्पट. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. ठेवायला जाताना त्रिकोण समोर धरून, रस्त्याच्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. अंधार आणि पाऊस असेल, कडेला जागाच नसेल, तर त्रिकोणाचा नाद सोडा आणि रेलिंगपलीकडे जा. ट्रकवाले दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात. नाइलाजाने तुम्ही ठेवलेत तर निघताना उचला. रात्री रस्त्यात राहिलेला तो दगड एखाद्या दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतो.

फोन: 1033 हा राष्ट्रीय महामार्गांचा, पुणे-कोल्हापूर रस्त्याला चालतो, क्रेनही त्यावरच मागता येते. जिवावरचा प्रसंग असेल तर 112, अॅम्ब्युलन्सला 108. 'खंबाटकीच्या पुढे कुठेतरी' असं सांगू नका, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि तुम्ही कुठल्या दिशेला आहात ते सांगा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात बंद पडल्यावर मदत) घेतलंय का ते आजच पॉलिसीत बघा आणि त्यांचा नंबर वडिलांच्या मोबाइलमध्येही टाका.

पंक्चर झालं आणि जागा अरुंद असेल तर हळूहळू, दहा-पंधराच्या वेगाने, टायर गेला तरी चालेल म्हणून सुरक्षित जागेपर्यंत चालवा. मी एकदा आनेवाडी टोलच्या अलीकडे असा चार हजारांचा टायर घालवला, त्याचं जराही वाईट वाटत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नका, हवा त्यानेच धरून ठेवलेली असते.

परतीचं एक. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका अवजड वाहनाने एकामागोमाग कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याचं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकायचा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल, मान हलवा आणि तिसरा गिअर टाका. ब्रेक जळाल्याचा वास आला तर थांबून गार होऊ द्या, चाकावर पाणी मारू नका.

आणि निघायच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चाक स्वतः काढून परत बसवा. हँडब्रेक लावून, काढायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावून, जॅक चढवायच्या आधी नट अर्धा आटा सैल करून. टायरवाल्याने हवेच्या गनने आवळलेले नट गाडीसोबतच्या आखूड पान्याने सुटतच नाहीत, माझे सुटले नव्हते. पान्यावर उभं राहून उड्या मारणारा मी, आणि वरच्या मजल्यावरून बघणारे शेजारचे काका. दुसऱ्या दिवशी लांब दांड्याचा पाना आणला, तो आजही डिकीत आहे.