आजोबांची जुनी खरेदीखतं आणि मोडी कागद लॅमिनेट करून घ्यावेत का?

अजिबात नको. लॅमिनेशनचं प्लास्टिक एकदा उष्णतेने चिकटलं की कागदाला धक्का न लावता सुटत नाही, आणि कागदातलं आम्ल आतल्या आत त्याला कुरतडतच राहतं. सेलोटेपही नको. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात काकांनी एका खताच्या घडीवर लावली होती; टेप कधीच गळून पडली, पण तिचा तपकिरी पट्टा अजून दोन ओळींवर बसलाय.

ॲसिड-फ्री कागद आणा, शक्यतो कॅल्शियम कार्बोनेटचं बफर असलेला. तो आम्ल शोषून घेतो. घड्या उलगडून प्रत्येक दोन दस्तांच्या मध्ये एक ताव घाला. जुन्या फोटोंना आणि ब्लूप्रिंटना मात्र बिनबफरचा. पारदर्शक पाकीट हवंच असेल तर पॉलिएस्टरचं, पीव्हीसीचं नाही.

फाटलेलं जोडायला पातळ जपानी टिश्यू, म्हणजे लांब तंतूंचा मजबूत कागद, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. ती पाण्याने पुन्हा सुटते, हेच तर हवं. पण शाई ओलाव्याने फुटत असेल तर हात लावू नका, जाणकाराला दाखवा.

नाशिकच्या पावसाळ्यात पेटी गोदाकाठच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कसर तिथूनच लागते.