कौलावरचं १८६५ आणि भिंतीतले शिंपले

प्रश्न : राजापूरजवळचं सासरचं जुनं घर आता आमच्याकडे आलं आहे. मे महिन्यात कौलं उतरवली तेव्हा एका कौलाच्या पाठीवर इंग्रजीत ‘बासेल मिशन’ आणि १८६५ अशी उठावाची अक्षरं दिसली. म्हणजे घर दीडशे वर्षांहून जुनं समजायचं का? माजघराच्या भिंतीचा गिलावा हात लावला की पिठासारखा गळतो, त्यात पांढरे खडे आणि शिंपल्यांचे तुकडे आहेत. ठेकेदार म्हणतो, हे जुनं निकृष्ट सिमेंट, सगळं खरवडून नवीन प्लास्टर मारू. मागच्या पडवीवरचे करडे नागमोडी पत्रेही तो फोडून टाकणार आहे. नक्की काय काय आहे हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी ते १८६५. या आकड्यापायी मी बऱ्याच घरमालकांचा हिरमोड केलाय, आज तुमचा करतो. मंगळूरला बासेल मिशन या स्विस-जर्मन ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना काढला ते हे साल. तुमचं कौल भाजलं त्याचं नव्हे. पुढे कित्येक वर्षं तोच आकडा उमटत राहिला. तरी शिक्का अगदीच वाया जात नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, मग ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या इंग्रज कंपनीकडे गेले. तेव्हा मिशनच्या नावाचं कौल शंभरीच्या पलीकडचं धरायला हरकत नाही. घर मात्र त्याहून जुनंही असेल, नवंही असेल. आधी गवताने शाकारलेल्या कितीतरी घरांवर कौलं मागाहून चढली, आणि पडलेल्या घराची कौलं शेजारच्याच्या गोठ्यावर जाणं हे तर कोकणात चालतच आलंय. सगळी कौलं उलटी करून बघा, किती जणींवर तोच शिक्का आहे ते मोजा. दोनचारच निघाली तर ती पाहुणी समजा.

आता भिंत. ठेकेदाराला आजच फोन करून थांबवा.

माझे वडील गवंडी. त्यांच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि एक गंजका खिळा असायचा. भिंत ओळखायची तर खिळा, पाण्याचा ग्लास आणि थोडं व्हिनेगर, एवढं पुरतं. गिलाव्याचा सुपारीएवढा तुकडा पाण्यात टाका. तासाभरात विरघळून गाळ झाला तर ती माती. तसाच राहिला तर खिळ्याने ओरखडा काढा. सिमेंट करडं दिसतं आणि खिळा वरून घसरतो. चुना पांढरट किंवा बदामी, खिळा त्यात रुततो. मग त्याची पूड व्हिनेगरमध्ये टाका. चुना जोरात फसफसतो, बराचसा विरतो आणि तळाशी वाळू उरते. जुनं सिमेंटही थोडा फेस देतं, म्हणून नुसत्या फेसावर जाऊ नका, खाली काय उरलं ते पाहा.

तुमच्या पत्रातल्या शिंपल्यांनी मात्र परीक्षेआधीच उत्तर दिलंय. आपल्या किनारपट्टीला चुनखडीचा दगड जवळ नाही, समुद्रावर शिंपले मुबलक. ते भट्टीत भाजून चुना करत. जे नीट भाजले गेले नाहीत ते तसेच गिलाव्यात आले. तेच तुमच्या हाताला लागताहेत. देशात सिमेंटचा धंदा उभा राहिला तो १९१४ मध्ये पोरबंदरला. त्या सुमाराच्या राजापुरातल्या माजघराला सिमेंट कोण थापणार?

पीठ का होतंय? ओल. गिलावा पडला तिथे मागे तांबडा, भोकाभोकांचा दगड दिसत असेल. तो जांभा. (फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टरने केरळात अंगाडिपुरमला लोक हा दगड विटेसारखा कापताना पाहिले आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं.) जांभा पाणी पितो. चुना ते बाहेर सोडतो आणि त्या बदल्यात स्वतः झिजतो. सिमेंट पाणी कोंडून धरतं.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. १९९४ साली संगमेश्वराकडच्या मामाच्या घराला मीच हौसेने सिमेंटचं प्लास्टर करून दिलं. तिसऱ्या पावसाळ्यात मामाने भिंतीवर टिचकी मारून दाखवली. डबा वाजावा तसा आवाज. गणपतीत देव्हाऱ्यामागचा परातीएवढा पापुद्रा सुटून खाली आला, पाठीला चिऱ्याचं बोटभर तांबडं मांस घेऊन. मामा मला काही बोलला नाही. मामीने बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही.

तेव्हा आधी ओल कुठून येते ते शोधा : पागोळ्या भिंतीलगत पडतात का, मागच्या बाजूला माती चढलीय का. मग सुटलेला भाग तेवढाच काढून, भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि वाळू तीन भाग, असा गिलावा करा. तो आठवडाभर ओला ठेवावा लागतो. ठेकेदार घाई करेल, करू द्या.

पडवीवरचे ते ‘सिमेंटचे पत्रे’. जुने असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहेच असं धरून चाला. तुटक्या कडेला बारीक तंतू दिसतात, पण डोळ्यांनी खात्री होत नाही, ती प्रयोगशाळेतच होते. भीती पत्र्याखाली बसण्याची नाही, तो फोडताना, कापताना, भोकं पाडताना उडणाऱ्या धुळीची आहे. ती फुप्फुसात जाऊन बसते. धड असतील तर राहू द्या. काढायचेच तर माहीतगार माणसांकडून पाणी मारून, नट सोडवून, अख्खे उतरवा. हातोडा नको, झाडू नको.

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या जुन्या वाड्यात नक्षीच्या रंगीत लाद्या आहेत. त्या चिनी मातीच्या की सिमेंटच्या? काळवंडल्यात, अ‍ॅसिडने धुऊ का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : अ‍ॅसिडची बाटली आधी बंद करा. एखाद्या फुटक्या लादीची कड पाहा. वर अगदी पातळ रंगीत थर आणि खाली करडा माल दिसला तर ती सिमेंटची. साच्यात रंग ओतून दाबाखाली बनवलेली, भाजलेली नव्हे. मुंबईत १९२२ पासून भारत फ्लोअरिंग्ज अशा लाद्या करू लागली, त्याआधी त्या विलायतेहून येत. अ‍ॅसिड सिमेंट खातं, म्हणजे काळेपणाबरोबर नक्षीही जाईल. कोमट पाणी, साधा साबण आणि नारळाची शेंडी घ्या. एका कोपऱ्यातल्या लादीवर करून पाहा आणि मला कळवा.