जेडची पानं गळतायत?

ताई, जेड म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं झाड. त्याची पानं पिवळी पडून टपाटप गळतायत म्हणजे झाडाला तहान लागलेली नाही, पाणी जास्त झालंय. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर पाण्याचा मग खाली ठेवा, पाणी घालू नका. माझं पहिलं जेड मी जुलैत उघड्या गच्चीवर ठेवून कुजवलं. खोड दाबलं तर पिकल्या केळ्यासारखं मऊ! तुमच्या झाडाची एखादी टणक फांदी कापून ४-५ दिवस सावलीत सुकवा, मग निम्मी जाडसर वाळू घातलेल्या मातीत खोचा. ऊन रोज ३-४ तास हवंच. आणि नर्सरीत 'जेड' म्हणून बरेचदा बारीक पानांचं, लालसर दांड्याचं पोर्टुलाकारिया देतात. तेही दक्षिण आफ्रिकेचंच, पण जास्त चिवट. तुमचं कुठलं आहे?