शिक्षकांचे प्रश्न : स्तूपावर बुद्ध कोरलाय का?

प्रश्न : मी सोलापुरात आठवी-नववीला चित्रकला शिकवते. अजिंठ्यावर 40 मिनिटांचा व्हिडिओ केला आणि शेवटी गूगल फॉर्मवर चाचणी लावली. मुलं व्हिडिओ पळवतात, उत्तरं ठोकून देतात. पालक यंत्रमागावरून घरी आल्यावरच अनेकांच्या हाती फोन येतो. बी.एड.ला वाचलेला मानसशास्त्रज्ञ स्किनर इथे उपयोगी पडेल का?

उत्तर : पडेल, पण ‘पाहून ओळखणे’ एवढ्यापुरताच. 1950च्या दशकात स्किनरने केलेल्या शिकवण्याच्या यंत्रात मूल उत्तर द्यायचं आणि ते बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळायचं. तुमच्या व्हिडिओत 40 मिनिटं मुलाला काही करायचंच नाही, आणि फॉर्म पाठवल्याशिवाय निकाल दिसत नाही.

आधी उद्दिष्ट बदला. ‘अजिंठ्याची कला समजेल’ हे मोजता येत नाही. ‘चैत्यगृहाचा फोटो पाहून ते आधीच्या टप्प्यातलं की नंतरच्या, हे सांगेल’ असं लिहा. (चैत्यगृह म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह.) आधीच्या टप्प्यातल्या 9 आणि 10 क्रमांकाच्या लेण्यांत स्तूप साधा आहे. नंतरच्या 19 आणि 26 मध्ये स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्धमूर्ती कोरलेली आहे. मुलाच्या डोळ्याला हाच फरक पकडायला शिकवायचं.

साधारण 12 चौकटी (एका चौकटीत फोटो आणि एक छोटा प्रश्न) पुरतात. पहिल्या चौकटीत 10 आणि 26 क्रमांकांच्या लेण्यांचे फोटो शेजारी-शेजारी, स्तूपाभोवती ठळक लाल वर्तुळ. पुढच्या तीन चौकटींत वर्तुळ फिकट करत न्या, मग काढून टाका. फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्न वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवा, पर्यायांतून एक निवडायचा, आणि उत्तरानुसार पुढच्या सेक्शनला जाण्याची सोय चालू करा. चुकलं की सूचनेच्या सेक्शनला (स्तूपाचा मोठा केलेला भाग आणि एक ओळ), तिथून परत त्याच प्रश्नाला. प्रश्न अनिवार्य करायला विसरू नका, नाहीतर मूल उत्तर न देताच पुढे सरकतं.

खरी गोची फोटोंत असते. आधीच्या लेण्यांचे सगळे फोटो अंधारे आणि नंतरच्यांचे उजळ असतील, तर मूल उजेड बघून उत्तर देईल आणि तुम्हाला वाटेल, शिकलं! म्हणून एकाच स्तूपाचे वेगवेगळ्या अंतरावरून, वेगळ्या उजेडात घेतलेले तीन-चार फोटो वापरा. दुसरी फसगत 10 क्रमांकातलीच : तिथल्या खांबांवर बुद्धाची चित्रं आहेत, पण ती नंतरच्या काळात रंगवलेली. ‘बुद्ध दिसतो का’ असं विचारलंत तर हुशार मूलच चुकेल. ‘स्तूपावर कोरलाय का’ असं विचारा.

शेवटची चाचणी न दाखवलेल्या जागांवर घ्या : कार्ल्याचं चैत्यगृह आणि वेरूळचं 10 क्रमांकाचं लेणं. तिथे गाडी अडली तर मुलांनी फोटो पाठ केलेत. सुरुवातीला प्रत्येक योग्य उत्तराला ‘बरोबर’ म्हणा, पुढे तीन-चार योग्य उत्तरांनंतर. आधी पाच मुलांवर करून पाहा. पुढे वर्गात एखाद्या चौकटीत दहापैकी एकाहून जास्त मुलं चुकली, तर चौकट दुरुस्त करा, मुलांना नव्हे.

1995 मध्ये जपानी संशोधकांनी कबुतरांना मोने आणि पिकासोची चित्रं वेगळी ओळखायला शिकवलं. न पाहिलेल्या चित्रांतही ती बरोबर निवड करत. म्हणजे ओळखता आलं तरी अर्थ कळलाच असं नाही. स्तूपावर मूर्ती का आली, हा प्रश्न वर्गातल्या चर्चेसाठी राखून ठेवा.

प्रश्न : तारे आणि गुणतक्ता द्यावा का?

उत्तर : तारे चालतील. गुणतक्ता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. वरच्या चौघांना ते बक्षीस, खालच्या तीसजणांना शिक्षा. आणि शिक्षा मिळालेलं मूल पुढची लिंक उघडतच नाही.