रेयना ग्रांदे कोण आहेत? त्या लेखिका कशा झाल्या?

रेयना ग्रांदे मूळच्या मेक्सिकोच्या. जन्म 1975चा, गेरेरो राज्यातल्या इग्वाला गावचा. त्या दोन वर्षांच्या असताना वडील कामासाठी अमेरिकेत गेले, मागोमाग आईही. भावंडं आजीकडे राहिली. वडील म्हणजे काय, तर काचेमागचा एक फोटो. त्या मुलीला वडिलांचा आवाजसुद्धा माहीत नव्हता, हे वाचताना माझ्या घशात आवंढा येतो.

1985 साली वडील न्यायला आले. नऊ वर्षांच्या रेयनानं कागदपत्रांविना, पायी सीमा ओलांडली. दोनदा पकडले गेले, तिसऱ्यांदा जमलं. पण लॉस एंजेलिसच्या घरात भेटला तो फोटोतला माणूस नव्हता. वडील दारू प्यायचे, मारायचे. 1986च्या कायद्यानं अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या अनेकांना अधिकृत होण्याची संधी दिली, त्यामुळे पुढे कायदेशीर वास्तव्य मिळालं, तरी घर काही मिळालं नाही.

पॅसाडेना सिटी कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि लिहीत राहा म्हणून पाठीशी लागल्या. माझ्या मते इथेच सगळं फिरलं. 1999मध्ये सांता क्रूझच्या विद्यापीठातून पदवी घेतली. घराण्यातल्या त्या पहिल्या पदवीधर.

पहिली कादंबरी 2006ची, तिला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं. सुरुवात मात्र 2012च्या 'द डिस्टन्स बिटवीन अस' या आत्मकथनापासून करा. वडिलांवरचा राग आणि माया दोन्ही त्यात एकाच पानावर सापडतात.