ऐकू येणे रोज का बदलते?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६१ आहे. सात वर्षांपूर्वी तिला भोवळीचे झटके येऊ लागले आणि मेनियरचा आजार असल्याचे निदान झाले. आता झटके जवळपास थांबले आहेत. मात्र डावा कान निकामी झाल्यासारखा आहे आणि उजव्या कानाने कधी नीट ऐकू येते, कधी येत नाही. घरात काहींना ती ‘सोयीने ऐकते’ असे वाटते. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, पण शब्द कळत नाहीत. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी घरातल्यांचा गैरसमज दूर करा, कारण ऐकू येणे असे कमी-जास्त होणे हेच या आजाराचे लक्षण आहे. आंतरकर्णातील नाजूक पडद्यांच्या आत एंडोलिम्फ नावाचा द्रव असतो. तो प्रमाणाबाहेर साठला की पडदे ताणले जातात, कान गच्च होतो, गुणगुणतो आणि बहुधा खर्जातले आवाज आधी हरवतात. सुरुवातीच्या काळात झटका ओसरल्यावर ते काही अंशी परतही येतात. भोवळीचे मूळ कानात असू शकते, हे प्रॉस्पर मेनियर यांनी पॅरिसमध्ये १८६१ साली मांडले. त्याआधी असे रुग्ण मेंदूविकाराचे समजले जात. आज त्यांना घरचीच माणसे ढोंगी समजतात, हे मला अधिक क्लेशदायक वाटते.

झटके थांबले म्हणजे आजार बरा झाला, असे मात्र नाही. अनेक वर्षांनी भोवळ आपोआप कमी होते, पण तोवर ऐकण्याच्या सूक्ष्म केसपेशींची झालेली हानी कायम राहते. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा मोठा आवाज सहन होत नाही. म्हणून श्रवणयंत्राचा आवाज नुसता वाढवून भागत नाही. श्रवणतज्ज्ञांकडून शब्द ओळखण्याची चाचणी करून घ्या आणि बदलत्या ऐकण्यानुसार यंत्र पुन्हा जुळवून घ्या. तरीही बोलणे उमगत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायच्या श्रवण-उपकरणाचा, विचार जरूर करावा, कारण त्यातील विद्युतसंकेत बिघडलेल्या केसपेशींना वगळून थेट श्रवणचेतातंतूंपर्यंत पोहोचतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिने ऐकण्याचा सराव मात्र करावा लागतो.

लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ कमी ठेवा. उजव्या कानाचे ऐकणे एकाएकी खूप घटले, तर ‘उद्या सुधारेल’ म्हणून थांबू नका. एक-दोन दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कारण अशा वेळी स्टिरॉइडचा उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते.